छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातली चार वर्षं: नव्याने जाणाऱ्यांसाठी

ग्रिनेल, कार्लटन, विल्यम्स, स्वार्थमोर, रीड, पोमोना. अमेरिकेतल्या अशा एखाद्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (विज्ञान, साहित्य, समाजशास्त्र सगळं एकत्र शिकवणाऱ्या छोट्या पदवी कॉलेजात) प्रवेश मिळाला की घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे नाव कधी ऐकलं नाही, चांगलं आहे ना? चांगलं आहे. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस १९४९ साली ग्रिनेलमधून पदवीधर झाले. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना पोमोनाच्या. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान मकॅलेस्टरचे. घरच्यांची काळजी मिटायला एवढं पुरे. तुम्हाला मात्र तिथे गेल्यावर नेमकं काय करायचं हे माहीत हवं, कारण आपल्या बारावीच्या सवयी तिथे अनेकदा आडव्या येतात.

आधी रचना समजून घ्या. विद्यार्थी साधारण दीड ते अडीच हजार आणि जवळजवळ सगळे पदवीचे. पीएचडी करणारे विद्यार्थी नसल्यामुळे तास प्राध्यापक स्वतः घेतात, पेपर स्वतः तपासतात, प्रयोगशाळेत स्वतः उभे राहतात आणि पुढे शिफारसपत्रही तेच लिहितात. मोठ्या विद्यापीठात नाव असतं, वर्ग असतात, सोयी असतात; इथे माणसं मिळतात. म्हणून चार वर्षांत सार्थ काय झालं हे शेवटी एका गोष्टीवर ठरतं: तीन-चार प्राध्यापक तुम्हाला, तुमच्या कामाला, तुमच्या चुकांना नीट ओळखतात का. पुढचं जवळजवळ सगळं त्यासाठीच आहे.

निघण्याआधी

जून-जुलैत कॉलेजकडून ईमेलचा पाऊस पडतो. त्यातले तीन दुर्लक्षित राहिले तर त्रास होतो: लसीकरणाचा फॉर्म (तो अपुरा असेल तर काही ठिकाणी कोर्स नोंदणीच अडवून ठेवतात), आरोग्य विम्याचा फॉर्म आणि प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पातळीच्या कोर्सला बसायचं हे ठरवणारी चाचणी. प्लेसमेंट गणिताची, भाषेची, कधी रसायनशास्त्राची असते. ती कुणाच्या मदतीशिवाय द्या. वरच्या कोर्समध्ये ढकललं गेलात तर पहिल्याच सत्रात दमछाक होते. उलट बारावीला कॅल्क्युलस नीट झालेलं असेल तर पहिला कोर्स पुन्हा करण्यात एक जागा वाया जाते. परदेशी भाषेची अट असेल तर शाळेत शिकलेल्या मराठी किंवा हिंदीवर सूट मिळते का, हे रजिस्ट्रारला लेखी विचारा. नियम कॉलेजागणिक वेगळे आहेत, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पहिल्या सत्राचे कोर्स

बहुतेक ठिकाणी एका सत्रात चार कोर्स असतात आणि पदवीला साधारण ३२ लागतात. कार्लटनमध्ये मात्र दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म आणि प्रत्येक टर्मला तीन कोर्स. विल्यम्समध्ये दोन सत्रांच्या मधल्या जानेवारीत विंटर स्टडी नावाचा एकच छोटा कोर्स असतो. सक्तीचं काय, यातही फरक आहे. ग्रिनेलमध्ये सगळ्यांना सक्तीचा कोर्स एकच, पहिल्या वर्षाचं ट्युटोरियल; ॲमहर्स्टमध्ये तसंच पहिल्या वर्षाचं सेमिनार. रीडमध्ये प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ह्युमॅनिटीज ११० करावाच लागतो. तुमच्या कॉलेजची यादी कॅटलॉगमध्ये, म्हणजे कोर्स आणि नियमांच्या पुस्तकात, असते. तुम्ही ज्या वर्षी दाखल झालात त्या वर्षीचा कॅटलॉग साधारणपणे तुम्हाला लागू होतो, म्हणून त्याची पीडीएफ उतरवून ठेवा.

चार जागा अशा भरा: लेखनावर भर असलेला एक (तो बहुधा सक्तीचाच असतो), ज्या विषयात मेजर करण्याचा, म्हणजे जो मुख्य विषय घेण्याचा, विचार आहे त्याचा पायाभूत एक, गणित किंवा आकडेवारीचा एक, आणि शाळेत कधी नाव न ऐकलेल्या विषयाचा एक. हा चौथा कोर्स गंमत म्हणून घेऊ नका. मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र, संगीताचा इतिहास यांतून मेजर बदलणारे दर वर्षी निघतात, आणि अशी दारं पहिल्या वर्षीच उघडी असतात. एका सत्रात दोन प्रयोगशाळा मात्र घेऊ नका. लॅब दुपारी तीन-चार तास चालते, वर अहवाल लिहायला तेवढाच वेळ जातो, आणि पहिल्या सत्रात इंग्रजीत पेपर, म्हणजे घरून लिहून आणायचे निबंध, लिहायला तुम्हाला अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागणार आहे.

छोट्या कॉलेजाची एक अडचण इथेच सांगायला हवी. विभागात प्राध्यापक पाच-सहा, त्यातला एखादा सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनासाठी शिकवण्यातून रजेवर. त्यामुळे वरच्या पातळीचे अनेक कोर्स वर्षाआड होतात, आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्राच्या एकापुढे एक घ्यायच्या कोर्सच्या साखळ्या बऱ्याच ठिकाणी फक्त ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रातच सुरू होतात. पहिल्या सत्रात साखळीचा पहिला कोर्स हुकला की अख्खं वर्ष मागे पडतं. पुढे एखादं सत्र दुसऱ्या देशात करायचं म्हटलं की तोच धागा तुटतो. उपाय सोपा आहे: पहिल्याच महिन्यात विभागप्रमुखांना विचारा की पुढच्या दोन वर्षांत कोणते कोर्स कधी होणार आहेत. हा आराखडा जवळजवळ प्रत्येक विभागाकडे असतो, वेबसाइटवर मात्र क्वचितच.

हवा तो कोर्स भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला जाऊन बसाच. सत्राचे पहिले सुमारे दोन आठवडे ॲड-ड्रॉपचे, म्हणजे कोर्स घेण्या-सोडण्याचे, असतात, त्यात जागा रिकाम्या होतात. प्राध्यापक जागा देतात ती समोर बसलेल्याला.

कोर्स सोडण्याआधी एक थांबा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्राला पूर्ण वेळ नोंदणी लागते, सहसा किमान १२ क्रेडिट. चार क्रेडिटचे चार कोर्स असतील तर एक सोडून १२ उरतात, पण प्रत्येक कॉलेजचा हिशेब असा सरळ नसतो. डीएसओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याची, परवानगी आधी आणि कोर्स सोडणं नंतर. उलटा क्रम केला तर नुसत्या ग्रेडवर निभावत नाही, व्हिसाचा दर्जाच जाऊ शकतो.

वर्गात बोलणं

वर्ग दहा ते वीस जणांचा, टेबल लांबोळकं किंवा गोल, आणि सहभागाला ग्रेडमध्ये वाटा. पंधरा-वीस टक्केही असतो. सिलॅबसवर, म्हणजे कोर्सच्या माहितीपत्रकावर, तो छापलेला असतो. आपल्याकडून गेलेली हुशार मुलं बहुतेक इथेच मार खातात. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, पूर्ण उत्तर येत असेल तरच हात वर करायचा, ही सवय चांगल्या घरातून आणि चांगल्या शाळेतून आलेली असते. तिथल्या प्राध्यापकाला मात्र ती तयारी न करता आल्यासारखी दिसते.

करायचं काय? वाचताना दोन टिपणं काढा, पानाच्या क्रमांकासकट. एक प्रश्न, एक मतभेद. "पान ४७ वर लेखिका म्हणते की गावकऱ्यांनी हा कायदा मान्य केला, पण तिने दिलेल्या तीन उदाहरणांपैकी दोन शहरातली आहेत" एवढं वाक्य पुरतं. ते पहिल्या पंधरा मिनिटांत बोलून टाका, कारण चर्चा जसजशी पुढे सरकते तसा तुमचा मुद्दा मागे पडतो आणि मग तोंड उघडणं आणखी अवघड होतं. उच्चाराची काळजी करू नका. शब्द अडला तर थांबा, लोक वाट बघतात. दुसऱ्याच्या मुद्द्यावर बोलताना त्याचं नाव घ्या. त्यातून तुम्ही ऐकत होतात हे कळतं आणि पुढच्या वेळी तो तुमचं नाव घेतो.

वाचन भरपूर असतं. मानव्यविद्येच्या एका कोर्सला आठवड्याला शंभर-दोनशे पानं सहज होतात, आणि असे दोन कोर्स असले तर ओळ न ओळ वाचणं शक्य नाही. लेखाची प्रस्तावना आणि शेवट आधी वाचा, लेखकाचा दावा एका ओळीत मराठीत लिहा, मग पुरावा जिथे आहे तेवढी पानं सावकाश वाचा. कविता, कायद्याचा मजकूर आणि गणित यांना हा उपाय लागू नाही. ते सगळं वाचावंच लागतं.

पेपर, आणि उसना मजकूर

पहिले पेपर पाच ते सात पानांचे असतात. विषयाची माहिती दिली म्हणजे पेपर झाला असं नाही, त्यात एक दावा हवा, जो कुणाला तरी अमान्य होऊ शकेल. "ब्रिटिश काळात रेल्वे आली आणि बदल झाले" हा दावा नाही. "रेल्वेमुळे दुष्काळात धान्य गावात येण्यापेक्षा बाहेर जास्त गेलं" हा दावा आहे. आता तो सिद्ध करा किंवा हरा.

लेखनकेंद्रात पहिला मसुदा घेऊन जा, पण अंतिम तारखेच्या किमान तीन दिवस आधी. आदल्या रात्री गेलात तर स्वल्पविराम दुरुस्त होतात, रचना नाही.

सगळ्यात मोठा धोका संदर्भांचा आहे. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण गुण, अशी दहा-बारा वर्षांची सवय असते. तिथे संदर्भ न देता दुसऱ्याचं वाक्य थोडे शब्द बदलून घेणं ही चोरीच ठरते, आणि प्रकरण शिस्तपालन समितीसमोर जातं. बऱ्याच ठिकाणी ही समिती विद्यार्थीच चालवतात, आणि ते शिक्षकांपेक्षा मवाळ असतात असा समज करून घेऊ नका. चूक बहुतेक वेळा टिपणं काढतानाच होते: वाक्य उतरवून घेतलं, पान लिहिलं नाही, तीन आठवड्यांनी ते आपलंच वाटायला लागलं. म्हणून टिपणात दुसऱ्याचे शब्द नेहमी अवतरणचिन्हात, शेजारी पान, आणि स्वतःचा विचार वेगळ्या रंगात. एआयची साधनं वापरायची की नाही, हे कोर्सगणिक वेगळं असतं. एका प्राध्यापकाने परवानगी दिली म्हणून दुसऱ्याकडे चालेल असं नाही. सिलॅबसमध्ये उल्लेख नसेल तर विचारा.

याच सिलॅबसवरून आणखी एक काम पहिल्याच आठवड्यात करा. चारही सिलॅबस समोर ठेवून सगळ्या तारखा एका कागदावर उतरवा. बहुतेकदा दिसेल की सातव्या-आठव्या आठवड्यात दोन पेपर, एक मिडटर्म आणि एक लॅब अहवाल एकाच तीन दिवसांत आहेत. पहिल्या आठवड्यात हे दिसलं तर एखाद्या प्राध्यापकाकडे दोन दिवसांची मुदतवाढ मागता येते आणि ती सहसा मिळते. आदल्या रात्री मागितलेली मात्र क्वचितच.

ऑफिस अवर्स

प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक दोन-तीन तास दार उघडं ठेवून बसतात. अडचण आल्यावरच जायचं असा समज असतो, आणि मग पहिली भेट थेट नापास होण्याच्या बेतात असताना होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जा. काय बोलायचं हे ठरवून जा, कारण "मला काही समजलं नाही" या वाक्यावर कोणालाच मदत करता येत नाही. त्याऐवजी: "दुसऱ्या गणितात मी हे समीकरण इथपर्यंत आणलं, पुढे चिन्ह का बदलतं ते कळत नाही," किंवा "माझ्या तिसऱ्या परिच्छेदात दावा सोडून मी वर्णनाकडे वळतोय असं वाटतं, तुम्हाला काय वाटतं?" वही उघडी ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत संपवा, बाहेर दुसरं कोणी थांबलं असेल तर उठा.

हाक मारताना "सर", "मॅडम" नको. "प्रोफेसर" आणि आडनाव, आणि त्यांनी स्वतः पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं तर तशी. पहिले काही दिवस जीभ अडखळते, मग सवय होते.

विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये ही जवळीक अभ्यासक्रमातच बांधलेली आहे: दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक, एका आठवड्यात एकाने पेपर वाचायचा आणि दुसऱ्याने त्यावर टीका करायची, पुढच्या आठवड्यात उलट. स्वार्थमोरमध्ये ऑनर्स घेणाऱ्यांची शेवटची परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतात. ही पद्धत १९२२ पासून आहे. तुमच्या कॉलेजात असं काही असेल तर दुसऱ्या वर्षी एकदा तरी घ्याच.

राहणं, पैसे, सुट्ट्या

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सुट्टीत, आणि विशेषतः डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच ठिकाणी डॉर्म (वसतिगृह) आणि डायनिंग हॉल बंद होतात. राहायचं असेल तर अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच भरावा लागतो. गाव लहान, बस कमी, विमानतळ दूर. ग्रिनेल ते डे मॉइन गाडीने सुमारे तासाभराचं अंतर आहे, आणि सुट्टीच्या दिवसांत कॉलेजची शटल आधीच भरते. तिकीट काढायचं ते परीक्षांचं वेळापत्रक लागल्यावर. हॅवरफर्डसारख्या काही ठिकाणी सत्राच्या शेवटच्या परीक्षेची वेळ विद्यार्थी स्वतः ठरवतात, तिथे हे सोपं जातं.

कॅम्पसवरची नोकरी एफ-१ वर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. पहिल्या वर्षी आठ-दहा पुरेत. ग्रंथालयाच्या काउंटरपेक्षा विभागातलं काम, प्रयोगशाळेतली मदत किंवा पेपर तपासणीतली मदत मिळाली तर ती घ्या, कारण तिथे प्राध्यापक रोज दिसतात. बाहेर एक तासही काम परवानगीशिवाय नको.

कराचे कागद सगळ्यांना भरावे लागतात. उत्पन्न शून्य असलं तरी फॉर्म ८८४३ भरायचा असतो, पगार मिळाला तर १०४०-एनआर. शिष्यवृत्तीतला फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त, राहण्या-जेवण्याचा भाग करपात्र. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, आणि अमेरिकी नागरिकांसाठीच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय नसतो. कॉलेज वेगळं सॉफ्टवेअर देतं, तेच वापरा.

दीड-दोन हजार माणसांत भांडण झालं तर ती व्यक्ती रोज जेवणाच्या रांगेत भेटते. रूममेटशी अटी पहिल्या आठवड्यात लेखी ठरवा: दिवे किती वाजता बंद, पाहुणे कधी. पहिल्या हिवाळ्यात किंवा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उदास वाटणं फार जणांना होतं. समुपदेशन केंद्रात जायला लाज वाटू देऊ नका. तिथलं बोलणं सहसा घरी कळवलं जात नाही. सत्र सोडून घरी यायची वेळ आलीच तर विमानात बसण्याआधी डीएसओला भेटा, म्हणजे परत येता येतं.

दुसरं आणि तिसरं वर्ष

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मेजर जाहीर करायचा. विषय आवडीचा निवडा, पण एक गोष्ट कागदावर तपासा: त्याचा सीआयपी कोड, म्हणजे विषयांच्या अमेरिकी सरकारी यादीतला क्रमांक. पदवीनंतर ओपीटी या एफ-१ वरच्या कामाच्या परवानगीखाली १२ महिने काम करता येतं, आणि मेजर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. अर्थशास्त्र काही कॉलेजांत साध्या कोडखाली, तर काहींत ४५.०६०३, म्हणजे संख्यात्मक अर्थशास्त्राच्या कोडखाली येतं, आणि हा दुसरा कोड स्टेममध्ये आहे. कोड आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेल्या फॉर्मवर, छापलेला असतो. शेवटच्या वर्षी कळून उपयोग नसतो.

उन्हाळ्यातल्या संशोधनाबाबत आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा हिरमोड होतो. नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या पैशावर चालणारे आरईयू, म्हणजे पदवी विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी संशोधनाचे, कार्यक्रम नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठीच असतात. म्हणून कॉलेजचा स्वतःचा उन्हाळी निधी हाच खरा मार्ग. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत येतात, आठ-दहा आठवडे काम चालतं, आणि प्राध्यापकाचा होकार बहुधा डिसेंबरातच लागतो. ऑफिस अवर्सचं फळ इथे मिळतं. अमेरिकेत डॉक्टर व्हायचा विचार असेल तर एवढं आताच समजून घ्या की बहुतेक मेडिकल स्कूल आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना घेत नाहीत. उरलेल्यांची यादी मेजर ठरवण्याआधी बघा.

आपल्या कॉलेजात नसलेला कोर्स शेजारी मिळतो का बघा. ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक आणि हॅम्पशर यांच्या गटात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची ॲमहर्स्ट शाखाही आहे. ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर एकमेकांचे कोर्स घेऊ देतात. पोमोना क्लेअरमाँट गावातल्या कॉलेजांच्या गटात आहे. पीएचडीचा विचार असणाऱ्यांनी वरच्या पातळीचं गणित किंवा विज्ञान अशा शेजारच्या ठिकाणी करावं. छोट्या विभागाची उणीव भरून निघते.

शेवटचं वर्ष

थीसिस, म्हणजे शेवटच्या वर्षाचा मोठा प्रबंध, असेल (रीडमध्ये तो सगळ्यांना करावाच लागतो) तर विषय तिसऱ्या वर्षाच्या मार्च-एप्रिलमध्ये ठरवा, आणि मार्गदर्शक पुढच्या वर्षी सबॅटिकलवर नाहीत ना हे आधी विचारा. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर आयआरबीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाची तपासणी करणाऱ्या कॉलेजच्या समितीची, मंजुरी लागते, तिला आठवडे जातात, आणि मंजुरीआधी घेतलेली मुलाखत वापरता येत नाही. डिसेंबरपर्यंत एक प्रकरण पूर्ण लिहून हातात हवं, टिपणं नव्हे, परिच्छेद.

मोठ्या कंपन्या अशा गावांत फारशा येत नाहीत. इथे माजी विद्यार्थी मदतीला येतात, आणि ते उत्तर देतात, कारण संख्या लहान आहे. करिअर ऑफिसकडून त्यांची यादी घ्या. ईमेल सहा-सात ओळींचा: मी कोण, कोणत्या वर्षाचा, तुमच्या कामातली नेमकी कोणती गोष्ट समजून घ्यायची आहे, वीस मिनिटं मिळतील का. नोकरी मागू नका. बोलणं झाल्यावर दुसऱ्या दिवशी आभार, आणि दोन महिन्यांनी पुढे काय झालं ते कळवा. वॉटसन फेलोशिप (पदवीनंतर वर्षभर परदेशात स्वतःचा प्रकल्प करायला मिळणारे पैसे) ठरावीक कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळते, नागरिकत्वाची अट नाही. कॉलेज त्या यादीत असेल तर सप्टेंबरमध्येच विचारा.

ओपीटीचा अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून आणि ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो पोचायला हवा. काम मेजरशी संबंधित हवं, आठवड्याला किमान २० तास, आणि पहिल्या वर्षात बेकारीचे दिवस एकूण ९० पेक्षा जास्त चालत नाहीत. स्टेमच्या वाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामगारांची काम करण्याची पात्रता तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली असावी लागते. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचं ताजं पत्रक डीएसओकडूनच घ्या.

निघण्याआधी तीन प्राध्यापकांना भेटा आणि पुढे शिफारसपत्र लागेल हे सांगून ठेवा. प्रत्येकाला तुमचा त्यांच्या कोर्समधला सगळ्यात चांगला पेपर, त्यावरच्या त्यांच्या टिपणांसकट, पाठवा. दोन-तीन वर्षांनी पत्र लिहिताना त्यांना तोच लागतो. चारही वर्षांच्या सगळ्या सिलॅबसच्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये घ्या. यांतल्या बऱ्याच कॉलेजांत भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्रालाही बी.ए.च मिळते, आणि पुढे भारतात किंवा दुसऱ्या देशात प्रवेश घेताना कोर्समध्ये नेमकं काय शिकवलं होतं हे कागदावर दाखवावं लागतं. सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या चार-पाच प्रती रजिस्ट्रारकडून घेऊन ठेवा. कॉलेजचं ईमेल खातं पदवीनंतर किती दिवस चालू राहतं ते आयटी विभागाला विचारा, आणि बँक, विमा आणि ओपीटीच्या खात्यांवरचा पत्ता त्याआधी स्वतःच्या खासगी ईमेलवर बदला.